बिल्ला पाठीमागून बघावा

दामूशेठ तांबट मला पहिल्यांदा भेटले ते एका मोठ्या हंड्याच्या आड. मी शहापूरच्या शाळेत नवा लागलो होतो आणि खोली शोधत हिंडत होतो. अंगात ठाण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेला खाकी कोट होता. भर दुपारी खाकी कोटातला अनोळखी माणूस दुकानाची पायरी चढतोय, हे पाहून शेठ गादीवरून उठले आणि हंड्यामागे जाऊन बसले. हंडा मोठा होता, पण शेठही लहान नव्हते. दोन्ही बाजूंनी ते बाहेर येत होते.

आतून त्यांची बायको आली. गोदाकाकू. हात पिठाचे.

"कोण पाहिजे?"

"खोली आहे का भाड्याने? मी मास्तर आहे."

काकूंनी मला एकदा नीट न्याहाळलं आणि हंड्याकडे वळून म्हणाल्या, "या बाहेर. मास्तर आहे. मास्तर कुणाला धरून नेत नाहीत."

शेठ बाहेर आले. "हंड्याला पोचा आलाय का ते बघत होतो," म्हणाले. कपाळावर घाम होता.

दुकानाच्या माडीवरची खोली मला मिळाली आणि पुढची बरीच वर्षं मी तिथे काढली.

दामूशेठ भित्रे होते. हे मी त्यांच्या माघारी बोलतोय असं नाही. ते स्वतःच सांगत. "मास्तर, देवाने मला धातूची पारख दिली आणि छाती द्यायची विसरला." विजा चमकल्या की ते भांड्यांपासून लांब, लाकडी माचावर पाय वर घेऊन बसत. विहिरीच्या काठावर कधी जात नसत. तार आली तर ती उघडायचं काम काकूंचं, आणि काकू ती वाचेपर्यंत शेठ परसात. पण या सगळ्यांहून मोठं भय होतं ते पट्टेवाल्याचं. अंगावर चामड्याचा पट्टा आणि पट्ट्यावर पितळेचा बिल्ला असलेला कुणीही रस्त्यात दिसला, मग तो कचेरीचा शिपाई असो, टपालाचा असो की जंगलखात्याचा रखवालदार, शेठ जवळच्या गल्लीत वळत. गल्ली नसली तर चपलेचा अंगठा तुटल्यासारखं करून खाली बसत आणि तो माणूस पुढे जाईपर्यंत अंगठा नीट करत राहत.

"यांच्या चपलेचा अंगठा सबंध शहापुरात प्रसिद्ध आहे," काकू म्हणत.

आणि हाच माणूस बिल्ले जमवायचा.

मोडीत पितळ येई, त्यात अधूनमधून बिल्ले येत. एखाद्या कचेरीने जुने बदलले, एखादा शिपाई मेला, एखादं संस्थान गरीब झालं, की ते फिरत फिरत मोडवाल्यांच्या पोत्यात जात. बाकीची मोड शेठ भट्टीत घालत. बिल्ला निघाला की धोतराच्या सोग्याने पुसून बाजूला ठेवत. त्यांच्याकडे एक शिसवी पेटी होती. तिच्यात जुन्या लुगड्याच्या घड्या आणि घड्यांवर बिल्ले, सगळे पालथे घातलेले. मी विचारलं, "पालथे का?"

"बिल्ला पाठीमागून बघावा. तोंडाने सगळेच सरकारी असतात."

मुंबईहून एक पारशी गृहस्थ वर्षातून एकदोनदा आसनगाव स्टेशनला आगगाडीतून उतरून टांग्याने येत. त्यांनाही हाच नाद. जुन्या बिल्ल्याला ते चांगली किंमत देत, आणि ही गोष्ट पसरली तशी कल्याण-भिवंडीकडच्या ओताऱ्यांनी नवे 'जुने' बिल्ले पाडायला सुरुवात केली. असे बिल्ले घेऊन माणसं शेठकडे येत. ते बघणं हा एक सोहळाच असे. शेठ आधी बिल्ला नुसता तळहातावर धरून बसत. मग नखाने टिचकी मारून कानाशी नेत. मग पाठ. खऱ्या बिल्ल्याच्या पाठीवर चामडं आणि घाम यांनी धरलेला हिरवा डाग असतो, तो पट्ट्याच्या आकाराचा असतो. खोट्याला शेणामुतात पुरून हिरवं केलेलं, ते सगळीकडे सारखं. खरा बिल्ला पत्र्यावर ठशाने उठवलेला, त्याच्या अक्षरांना धार असते. आणि आकडा मागाहून एकेक करून हाताने ठोकलेला, म्हणून एखादा अंक जरा तिरका उभा राहतो. खोटा ओतीव. अक्षरं चोखलेल्या गोळीसारखी गुळगुळीत. शेवटी शेठ पेटीतला एक खरा काढून त्यावर तो ठेवत. ओतलेलं पितळ थंड होताना आकसतं. खोटा खऱ्यापेक्षा केसभर कमी भरायचा.

पण शेठ कुणाला "खोटा" म्हणत नसत. विकणारा चिडेल ही भीती. ते बिल्ला परत देत आणि हळूच म्हणत, "हा घरी ठेवा."

एवढं भय आणि एवढा नाद एकाच माणसात कसा, हे मला पुढे गोदाकाकूंनी सांगितलं. शेठ कधीच बोलले नसते.

शेठचं मूळ घर मुरबाडचं. ते लहान असताना प्लेगचे दिवस होते. एक दिवस पट्टा-बिल्ला लावलेला एक माणूस घरी आला. घर धुवायचं आहे, सगळ्यांनी गावाबाहेर माळावर जाऊन थांबा, अंगावरचं सोनंनाणंही घरातच ठेवा, त्याला रोग चिकटतो, म्हणाला. बापाने हात जोडले. सगळे माळावर जाऊन उभे राहिले. दिवसभर पाऊस. संध्याकाळी परत आले तर घर धुतलेलंच होतं, चमचासुद्धा उरला नव्हता. आई त्या भिजण्याने तापली ती उठली नाही.

"तो बिल्ला यांच्या डोळ्यांसमोर होता," काकू म्हणाल्या. "हे केवढे, तर त्याच्या कमरेएवढे. बिल्ल्यावरची अक्षरं यांना गुळगुळीत दिसली. तांबटाचं पोर ते. पण बोलायला तोंड उघडेना. अजून झोपेत तोंड उघडतात आणि आवाज फुटत नाही."

शेठची बाजारपेठ मोठी होती. दर आठवड्याला गाडीत भांडी भरून आदल्या दिवशी निघायचे, मुरबाडला भावाकडे मुक्काम करायचे आणि सकाळी धसईच्या बाजाराला लागायचे. सुट्टीत मीही बरोबर जाई. लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. डोंगरातल्या वाड्यांवरच्या बाया मध, हिरडा, मोळ्या घेऊन बाजाराला आल्या होत्या. तिथे एक दांडगा माणूस, पट्टा-बिल्ला लावून, एकेकीची पाटी पालथी करत होता. "परवाना दाखव. नाही? मग ठेव इथे." बाया रडत होत्या आणि माणसं लांबून बघत होती.

शेठनी चपलेचा अंगठा धरायला वाकायला सुरुवात केली, आणि अर्ध्यातच थांबले. त्यांची नजर बिल्ल्यावर गेली होती. मग मी पाहिलं ते असं: दामूशेठ सरळ होऊन त्या माणसाकडे चालत गेले.

"रावसाहेब," ते म्हणाले, "बिल्ला विकता का?"

"काय?"

"मी जमवतो. चांगली किंमत देईन. हा ओतीव आहे म्हणून जास्त नाही देता येणार, पण पितळेच्या भावापेक्षा वर देईन."

तो माणूस शेठकडे बघत राहिला. शेठ त्याच्याकडे बघतच नव्हते, बिल्ल्याकडे बघत होते. आजूबाजूला माणसं गोळा व्हायला लागली. त्याने मुकाट्याने पट्ट्यातून बिल्ला सोडवला, शेठच्या हातावर ठेवला, पैसे घेतले आणि बाजारातून निघून गेला.

"खऱ्याने विकला नसता," शेठ मला म्हणाले आणि गाडीच्या चाकाला धरून खाली बसले. त्यांना पाणी पाजावं लागलं.

त्या दिवसापासून धसईच्या बाजारात शेठना मान आला आणि त्याबरोबर एक नवी धास्ती. डोंगरातली माणसं येऊन विचारत, "शेट, खोटा वळकायचा कसा? आमाला पन सांगा." शेठ नको नको म्हणत, पण बायाबापड्यांना नाही म्हणणंही त्यांना जमायचं नाही. बिल्ला काढून घ्यायला सांगा आणि पाठ बघा, हिरवा डाग नसेल तर समजा, एवढं त्यांनी सांगितलं. रात्री मला म्हणाले, "मास्तर, अर्धंच सांगितलं मी. सगळं सांगायला दिवस पुरला नसता. अर्ध्या विद्येचं मला भय वाटतं."

मग लढाई आली, पितळ महाग झालं, दुकानातले हंडे कमी झाले. बेचाळीसची धामधूम झाली. कुठे तारा तुटल्या, कुठे चौकी जळली, आणि शहापुरात घरोघर झडत्या होऊ लागल्या. सरकारी बिल्ल्यांची पेटी घरात सापडली तर काय होईल, हे सांगायला वकील नको होता.

"भट्टीत घाला ते सगळं," काकू म्हणाल्या. "तुमची भट्टी, तुमचं पितळ. सकाळपर्यंत विषय संपला."

शेठनी पेटी भाताच्या कणगीत पुरली. दिवसातून कितीदा तरी कणगीकडे बघून यायचे. "असं बघत राहिलात तर फौजदाराला विचारायचीही गरज नाही," काकू म्हणाल्या. तेव्हापासून ते कणगीकडे पाठ करून जेवू लागले.

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. शेठनी गाडीबैल तोवर विकले होते. कोळशावर चालणाऱ्या मोटारीने मुरबाड आणि पुढे कुणाच्या तरी गाडीने आम्ही धसईला गेलो. बाजार भरत होता. डोंगराकडच्या एका वाडीतला चांगो म्हातारा शेठना ओळखत होता, तो आला आणि बाजूला चला म्हणाला. कमरेच्या फडक्यातून पळसाच्या पानात गुंडाळलेला बिल्ला काढून त्याने शेठच्या हातावर ठेवला.

"शेट, खरा का खोटा?"

"कुठे मिळाला?"

"आमी एक बिल्लेवाला धरलाय. वाडीवर बांदून ठेवलाय. महिना झाला येत व्हता. कोंबड्या नेल्या, मध नेला. काल समद्यांचे कोयते गोळा केले नि सांगतो, समद्यांना ठान्याच्या जेलात घालीन. मंग माज्या सुनंचा हात धरला. पोरं धावली." म्हाताऱ्याने बिल्ल्याकडे बोट केलं. "पाठ बघितली आमी. कोरी हाय. तुमीच सांगलंवतं."

शेठनी बिल्ला उलटला. पाठ खरंच कोरी होती. त्यांनी टिचकी मारली. मग अंगठा आकड्यावरून फिरवला आणि अंगठा तिथेच थांबला. इतकी वर्षं बघून बघून मलाही थोडं कळत होतं. आकड्यातला एक अंक तिरका होता. अक्षरांना धार होती.

"खोटा असला तर काय करणार?" शेठनी विचारलं.

"पोरं म्हनतात दरीत लोटू. चोराला कोन इचारतो?"

"आणि खरा असला तर?"

"खरा असला तर मंग सोडायचा कसा, शेट? तो जाऊन पोलीस आनील. वाडी जाळतील. पोरं जेलात, बाया कुठं जातील?"

मी शेठना जरा दूर नेलं. "पोलीस पाटलाला कळवू," मी म्हणालो.

"पाटील वाट चढायला लागला की हे त्या बिल्लेवाल्याला दरीत ढकलतील, आणि मग वाडीही राहणार नाही." ते माझा हात घट्ट धरून उभे होते. मग चांगोकडे वळून म्हणाले, "मी वाडीवर येतो. काय ते तिथेच सांगेन." आणि मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही काही करू नका. नुसते मागून चाला. मागे कुणी असलं की मला बरं वाटतं."

कापलेल्या भाताच्या खाचरांतून, मग सागाच्या रानातून आम्ही चढत होतो. ऊन लख्ख होतं, तरी शेठ अंधारात चालल्यासारखे पाय टाकत होते. पाचोळा वाजला की थांबत. मान न वळवता विचारत, "आहात ना?" मी आहे म्हणायचो. थोड्या वेळाने पुन्हा, "आहात ना?" खरं सांगायचं तर मलाही त्यांनी तसं विचारणं हवं होतं.

वाडीत कुणी बोलत नव्हतं. पोरंसुद्धा कुडांना चिकटून उभी. गोठ्याच्या मेढीला तो बांधलेला होता. मी मनात दांडगा माणूस धरला होता. हा पोरगेला निघाला, मिसरूड फुटलेला. ओठ सुजलेला, सदरा फाटलेला, लेंगा ओला झालेला. चार तरुण कोयते घेऊन भोवती उभे होते आणि त्यांचे चेहरे त्याच्या चेहऱ्यासारखेच होते. अशी सगळीच घाबरलेली माणसं एका जागी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

शेठ पुढे गेले. बिल्ला त्याच्या पट्ट्याच्या भोकांना जुळतो का बघायचं म्हणून अगदी जवळ वाकले. मी मागेच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"बिल्ला खरा आहे. नवा आहे म्हणून पाठ कोरी," शेठ पुटपुटले. "मी खरा म्हटलं तर ही माणसं आणखी घाबरतील. घाबरलेला माणूस काय करील याचा नेम नाही. तुम्ही खोटे व्हा. रडा, पाया पडा. चोर म्हणून सुटाल. शिपाई म्हणून नाही सुटणार."

"माझी नोकरी..." तो पोरगा कसाबसा म्हणाला.

"ती माझ्या खिशात ठेवतो. शहापूरला दुकानावर येऊन घेऊन जा."

मग शेठ सरळ उभे राहिले आणि वाडीकडे तोंड करून ओरडले, "खोटा आहे!" आवाज चिरकला. कुणाला तोंडावर खोटा म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. "चांगो, भुरटा आहे रे हा! पोटासाठी सोंग घेऊन हिंडतो. याच्यामागे कचेरी नाही, सरकार नाही, कोणी विचारत येणार नाही. याला मारून उगाच हात कशाला घाण करता? हाकला!"

मोट सुटावी तसं झालं. कुणीतरी हसलं. कोयते खाली आले. एक तरुण बाई गर्दीतून पुढे आली. चांगोची सून, हिरी. ती त्या बांधलेल्या माणसासमोर जाऊन उभी राहिली.

"नक्की खोटा ना, शेट?"

"नक्की."

"मंग ह्याला सांगू द्या." तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. "कोन हायेस तू?"

तो शेठकडे बघायला लागला. शेठनी मान खाली घातली.

"कोणी नाही, बाई," तो म्हणाला आणि खरंच रडायला लागला. "मी कोणी नाही. चुकलो."

त्याला सोडलं. पोरांनी चार रपाटे दिले ते दिलेच. तो उतारावरून पडत-झडत दिसेनासा झाला. वाडीने आम्हाला भाकरी खाऊ घातली. परत उतरताना एका करवंदीच्या जाळीआड जाऊन शेठ ओकले, आणि मग तिथेच दगडावर बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "मुरबाडच्या घरात आला तो बिल्ला खोटा होता. मला वाटायचं, खोटा होता म्हणून तसं झालं. खरा असता तर आई वाचली असती." त्यांनी खिशावर हात ठेवला. "आज तर खराच होता."

आम्ही उठलो आणि चालू लागलो.

काही दिवसांनी तो पोरगा दुकानावर आला. साध्या कपड्यात. काकूंनी त्याला पाणी दिलं. शेठनी कणगीतून नाही, देवघरातून बिल्ला काढून आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उचलून खिशात टाकला, पायरीपर्यंत गेला आणि थांबला.

"तुम्ही माझा जीव वाचवलात," तो म्हणाला, "आणि चारचौघांत मला चोर म्हणालात. पहिलं मी विसरेन. दुसरं नाही विसरता येणार. तुमच्याकडे बिल्ल्यांची पेटी आहे, ते सगळ्या धसईला माहीत आहे."

शेठची नजर नकळत कणगीकडे गेली. ती त्याने पाहिली आणि तो गेला. त्या वाडीवर तो पुन्हा कधी दिसला नाही, हे चांगोकडून कळत राहिलं. पण शेठचे ते महिने कसे गेले ते मी पाहिलं. ते दुकानात पुढे बसत नसत. रस्त्यावर बुटांचा आवाज आला की हातातलं भांडं खाली ठेवत, पडून वाजू नये म्हणून. काकू पुन्हा भट्टीचं बोलल्या. शेठ भट्टीपर्यंत गेलेही. पेटी उघडून बसले, एकेक बिल्ला हातात घेतला, टिचकी मारून कानाशी धरला, आणि परत ठेवला.

होळीच्या सुमारास एका सकाळी फौजदार आला. बरोबर शिपाई. ते सरळ कणगीकडे गेले. पेटी ओट्यावर आणून उघडली. बघता बघता बाजारातली माणसं जमली. मी जिन्यात उभा होतो.

"हे काय रे?" फौजदाराने विचारलं. "पोलिसांचे, टपालाचे, जंगलचे. हे लावून कोण हिंडणार होतं? कुणासाठी ठेवलेस?"

मला वाटलं, शेठ आता कोसळतील. ते उभे होते, धोतर थरथरताना दिसत होतं.

"खोटे आहेत, साहेब."

"कुठले?"

"सगळेच."

फौजदाराने एक उचलला. "हा?"

"ओतीव आहे, साहेब. जुना म्हणून घेतला आणि फसलो. अक्षरं बघा, गुळगुळीत." ती अक्षरं धारदार होती.

"हा?"

"पाठीवरचं हिरवं शेणाचं आहे."

"आणि हा?"

हा कंपनी सरकारच्या काळातला होता. पारशी गृहस्थांनी तीनदा मागितला होता आणि शेठनी दिला नव्हता. शेठनी तो हातात घेतला. धोतराच्या सोग्याने पुसला. "हा तर सगळ्यात खोटा," ते म्हणाले.

फौजदार हसला. मागची माणसं हसली. "म्हणजे जन्मभर तू खोटा माल जमवलास? आणि पारखी म्हणवतोस?"

"अक्कल कमी, साहेब."

"मग ठेवून काय करतोस? घे हातोडा. ठोकून टाक सगळे माझ्यासमोर."

शेठ ऐरणीपाशी जाऊन बसले. पहिला बिल्ला ठेवला आणि घाव घातला. मग दुसरा. काकू दारात आल्या होत्या. ज्या बाईने इतके महिने भट्टीत घाला म्हणून धोशा लावला होता तिने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. शेठ एकेक करून ठोकत होते. प्रत्येकाचा आवाज वेगळा येत होता. खऱ्या ठशाच्या पितळेचा तो आवाज मला कळत होता, शेठना कळत होता, आणि त्या ओट्यावर आणखी कुणालाही कळत नव्हता. शेवटी पितळेच्या चपट्या तुकड्यांचा ढीग उरला. फौजदाराने काठीने तो ढवळला, पेटी पायाने सरकवली आणि माणसं घेऊन गेला.

मी खाली आलो. शेठ ऐरणीजवळच बसले होते.

"मास्तर, एक बघितलंत का?" त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "बोलताना सगळं अंग कापत होतं. ठोकताना हात स्थिर होते."

त्यानंतर शेठचं नाव गेलं. शहापुरात त्यांना खोट्या बिल्ल्यांचा शेठ म्हणू लागले. ही गोष्ट मुंबईलाही पोचली असावी, कारण पारशी गृहस्थ पुन्हा आले नाहीत. बिल्ले विकायला येणारेही थांबले. कुणी चेष्टा केली तर शेठ मान डोलवत. एकदा मी चिडून बोलायला गेलो तर त्यांनी माझा कोट धरला. "असू द्या. खरे होते म्हणून कुणाला सांगायला जाल, तर पुन्हा बूट वाजतील." विजेला, विहिरीला, तारेला ते तसेच घाबरत राहिले. फक्त झोपेत तोंड उघडायचं थांबलं, असं काकू म्हणाल्या.

लढाई संपली. स्वराज्य आलं. माझी बदली खाली कोकणात झाली. निघायच्या थोडं आधी, वैशाखात, चांगोचं बोलावणं आलं. त्याच्या नातीचं लग्न होतं. शेठ म्हणाले, "चला, मास्तर. एकट्याला मला चढ चढवणार नाही."

वाडीत ढोल वाजत होता. शेठना घोंगडीवर बसवलं होतं. ते ढोलाला दचकत होते, कुत्र्यांना दचकत होते, आणि कुणी द्रोण पुढे केला की त्यात काय आहे ते हुंगून बघत होते. अंगणात नाच धरला होता. बायाबाप्ये, एकमेकांच्या कमरेमागून हात गुंफलेले, गोल फिरत होते. हिरी त्या गोलातून सुटून आली आणि शेठपुढे उभी राहिली.

"उठा, शेट."

"नको गं, नको. मी पडेन."

"पडा की. आमी हाव ना."

दोघा-तिघांनी मिळून त्यांना उठवलं आणि गोलात घेतलं. पाय कुठे टाकायचा ते त्यांना कळेना. डोळे गच्च मिटलेले, चेहरा पांढराफटक. पण दोन्ही बाजूंच्या हातांना त्यांनी घट्ट धरलं होतं आणि त्या हातांनीही त्यांना सोडलं नव्हतं.

मला धसईची मोटार गाठायची होती, म्हणून मी आधी निघालो. उताराला लागल्यावर वाडी झाडांत दिसेनाशी झाली. ढोल ऐकू येत होता, त्याची लय वाढत चालली होती, आणि त्याच्यावरून शेठचा आवाज. मोठा, घाबरलेला, श्वास लागलेला.

"हळू रे, हळू! अरे, हळू!"

वर कुणीही हळू होत नव्हतं.